हॅमंड ऑर्गन की पोर्टेबल क्लोन? १९० किलोचा आवाज ८ किलोत मावतो का?

इयरफोन लावून जुनं रॉक, ब्लूज किंवा जॅझ ऐकताना गिटारच्या मागे एक भरदार, किंचित खरखरीत आणि गरगर फिरल्यासारखा आवाज कधी ऐकलाय? सुरुवातीला तो शांतपणे डोलत असतो, आणि मग गाणं रंगात आलं की एकदम थरथरायला लागतो. बहुतेक वेळा तो हॅमंड ऑर्गनचा आवाज असतो, आणि सोबत असतो लेस्ली नावाचा फिरणारा स्पीकर.

आता समजा, तुम्ही अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या एखाद्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवता. दर शनिवारी वेगळा क्लब, वेगळा हॉल. आवाज तोच हवा, पण वाद्याचं वजन चार माणसांनी उचलायचं. क्लब दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. अशा वेळी खरा जुना ऑर्गन न्यायचा, की काखेत मारून नेता येणारा डिजिटल पर्याय घ्यायचा? गेली पन्नासेक वर्षं कीबोर्ड वाजवणारे या प्रश्नावर वाद घालतायत. आजच्या लेखात आपण दोन्ही बाजू समजून घेऊ: जुन्या ऑर्गनमध्ये असं काय आहे, पोर्टेबल पर्याय ते कसं करतात, आणि कोणी काय निवडावं.

हा नेमका कोणता ऑर्गन?

मराठी माणसाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो, म्हणजे पायाने भाता मारत वाजवायचा, पायपेटीच्या कुळातला. त्यात हवेमुळे धातूच्या पट्ट्या थरथरतात आणि आवाज येतो. दुसरा ऑर्गन म्हणजे मोठ्या चर्चमधला पाईप ऑर्गन. त्यात हवा पाईपांमधून जाते.

हॅमंड या दोन्हींपेक्षा वेगळा. त्यात हवा नाही, पट्ट्या नाहीत आणि पाईपही नाहीत. आवाज विजेपासून तयार होतो, पण आजच्या कीबोर्डसारखी चिपही त्यात नाही. आत अक्षरशः फिरणारी चाकं आहेत. म्हणून त्याला इलेक्ट्रिक आणि मेकॅनिकल अशा दोन्ही जातींचं वाद्य म्हणतात.

घड्याळाच्या कंपनीतून निघालेलं वाद्य

लॉरेन्स हॅमंड हे अमेरिकेतल्या शिकागोचे इंजिनिअर. त्यांची कंपनी विजेवर चालणारी घड्याळं बनवायची. त्या घड्याळात सिंक्रोनस मोटर असायची, म्हणजे घरातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला धरून एकाच ठरलेल्या वेगाने फिरणारी मोटर. मोटरचा वेग इतका पक्का असेल, तर तिच्यावर स्वरही पक्का धरता येईल, हे त्यांनी ओळखलं. १९३५ मध्ये पहिला हॅमंड ऑर्गन, मॉडेल ए, बाजारात आला.

गंमत म्हणजे हॅमंड स्वतःच तेव्हा एक 'क्लोन' होता! पाईप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चसाठी स्वस्त पर्याय म्हणून तो विकला जायचा. तो पाईप ऑर्गनची बरोबरी करतो या जाहिरातीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये दोन्ही वाद्यं पडद्याआडून वाजवून चाचणी झाली, आणि ऐकणाऱ्यांची बरीच उत्तरं चुकली. तरीही १९३८ मध्ये कंपनीला काही दावे थांबवावे लागले. म्हणजे 'खरा विरुद्ध नकली' हा वाद हॅमंडच्या जन्मापासूनचा आहे. फक्त तेव्हा नकली म्हणून तो उभा होता, आज खरा म्हणून उभा आहे.

सगळ्यात गाजलेलं मॉडेल म्हणजे बी-३. ते १९५५ मध्ये आलं आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिलं. जिमी स्मिथ यांनी जॅझमध्ये आणि जॉन लॉर्ड यांनी डीप पर्पल या रॉक बँडमध्ये हॅमंडला जी जागा मिळवून दिली, त्यानंतर चर्चचं वाद्य ही त्याची ओळख मागे पडली. (जॉन लॉर्ड सी-३ वाजवायचे. आतून ते बी-३ सारखंच, लाकडी खोका वेगळा.)

आवाज तयार होतो कसा? टोनव्हील समजून घ्या

सोप्या भाषेत सांगायचं तर, आत साधारण रुपयाच्या नाण्याहून मोठी, कडेला उंचवटे असलेली स्टीलची चाकं आहेत. या चाकाला टोनव्हील म्हणतात. बी-३ मध्ये आवाज देणारी अशी ९१ चाकं असतात. प्रत्येक चाकाजवळ एक चुंबक आणि त्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी. चाकाचा उंचवटा चुंबकासमोरून गेला की गुंडाळीत विजेची छोटीशी लाट तयार होते. सेकंदाला जितके उंचवटे जातील, तितक्या हर्ट्झचा स्वर. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप याच तत्त्वावर चालतो, तिथे चाकाऐवजी तार हलते.

एक हिशोब करून बघू. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झ विजेवर मोटर मिनिटाला १२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला २०. 'ए' स्वराच्या गिअरचं प्रमाण ८८ ला ६४ आहे. २० गुणिले ८८ भागिले ६४ म्हणजे सेकंदाला २७.५ फेरे. त्या चाकाला १६ उंचवटे असतील, तर २७.५ गुणिले १६ म्हणजे बरोबर ४४० हर्ट्झ. जगभर वाद्यं याच स्वराला मिळवतात. पेटीवर ही पांढरी सहा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ही सगळी चाकं सतत फिरत असतात. तुम्ही पट्टी दाबता तेव्हा स्वर 'सुरू' होत नाही, आधीच वाजत असलेल्या स्वराचं फक्त दार उघडतं. म्हणून कितीही पट्ट्या एकदम दाबा, एकही स्वर गळत नाही. आणि पट्टी जोरात दाबा किंवा हळू, आवाज तेवढाच. आवाज कमी-जास्त करायचा तो पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलने.

ड्रॉबार: आवाजाचा मसाल्याचा डबा

कीबोर्डच्या वर नऊ दांडे असतात. त्यांना ड्रॉबार म्हणतात. प्रत्येक दांडा ० ते ८ पर्यंत बाहेर ओढता येतो. एक पट्टी दाबली की नऊ वेगवेगळे स्वर मिळतात आणि कोणता किती घालायचा हे दांडे ठरवतात. आपल्या भाषेत बघू. 'सा' ची पट्टी दाबलीत, तर:

- पहिला तपकिरी दांडा: खालच्या सप्तकातला सा
- दुसरा तपकिरी दांडा: त्याच सप्तकातला प
- पांढरे चार दांडे: मूळ सा, आणि त्याच्या वरच्या तीन सप्तकांतले सा
- काळे तीन दांडे: वरच्या सप्तकांतले प, ग आणि प

तंबोरा नीट लागला की त्यातून प आणि गंधार आपोआप ऐकू येतो, हे तुम्ही ऐकलं असेल. ड्रॉबार तेच सहस्वर वेगवेगळे तुमच्या हातात देतात. नऊ दांडे आणि प्रत्येकाच्या नऊ जागा म्हणजे ३८ कोटी ७४ लाखांहून जास्त मिश्रणं! वाजवणारे ही मिश्रणं नऊ आकड्यांत सांगतात. उदाहरणार्थ, पहिले तीन दांडे पूर्ण बाहेर आणि बाकी आत, म्हणजे ८८८००००००. जॅझ ऑर्गनची ही सगळ्यात ओळखीची सेटिंग.

दोष जे वैशिष्ट्य बनले

बी-३ च्या प्रत्येक पट्टीखाली नऊ बारीक विद्युत संपर्क असतात. पट्टी खाली जाताना ते सगळे अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला 'टिक्' असा आवाज येतो. त्याला की क्लिक म्हणतात. कंपनीला तो दोष वाटायचा आणि तो कमी करायचा प्रयत्न झाला. पण जॅझ आणि रॉकवाल्यांना तोच आवडला, कारण त्याने स्वराला धार येते.

तसंच लीकेज. चाकं शेजारी शेजारी असल्याने एकाचा आवाज थोडा दुसऱ्यात झिरपतो. तेही आज 'उबदारपणा' म्हणून विकलं जातं. आणि बी-३ सोबत आलेलं पर्कशन, म्हणजे स्वराच्या सुरुवातीला एक टणत्कार. पण तो सगळ्या पट्ट्या सोडून पुन्हा दाबल्या तरच वाजतो, आणि पर्कशन चालू असताना नववा ड्रॉबार बंद पडतो. हे सगळं यंत्राच्या रचनेतून आलं. वाजवणाऱ्यांचे हात मात्र त्यालाच सरावले. म्हणूनच आजच्या डिजिटल वाद्यांना हे 'दोष' मुद्दाम घालावे लागतात.

लेस्ली: अर्धा आवाज तर इथे आहे

डॉन लेस्ली यांना हॅमंडचा नुसता आवाज सपाट वाटायचा. १९४० च्या सुमारास त्यांनी एक लाकडी कपाट बनवलं. त्याच्या वरच्या भागात तीव्र आवाजासाठी फिरणारा भोंगा, खालच्या भागात खर्जासाठी फिरणारा ड्रम. रस्त्यावरून एसटी हॉर्न वाजवत गेली की जवळ येताना आवाज चढतो आणि लांब जाताना उतरतो ना? हाच डॉप्लर परिणाम. लेस्लीमध्ये भोंगा गोल फिरत असल्याने आवाज सतत जवळ येतो आणि लांब जातो.

त्याचे दोन वेग: संथ आणि जलद. एका बटणाने वेग बदलता येतो, आणि खरी मजा त्या बदलात आहे. भोंगा हलका, त्यामुळे तो पटकन वेग पकडतो. खालचा ड्रम जड, त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वरचा आणि खालचा आवाज वेगवेगळ्या चालीने फिरतात. गाणं एकदम उसळी घेतं ते इथेच.

लॉरेन्स हॅमंड यांना हा स्पीकर अजिबात पसंत नव्हता आणि त्यांच्या कंपनीने अनेक वर्षं त्याला दूर ठेवलं. पण वाजवणाऱ्यांनी दोघांचं लग्न लावून टाकलं. पुढे १९८० मध्ये हॅमंड कंपनीनेच लेस्ली विकत घेतली, आणि आज दोन्ही नावं जपानच्या सुझुकीकडे आहेत. (गाड्यांची सुझुकी वेगळी, ही वाद्यं बनवणारी.)

मग अडचण कुठे आहे?

१. वजन: पायपट्ट्या आणि बाक धरून बी-३ साधारण १९० किलो. लेस्ली आणखी साठ किलोहून जास्त. म्हणजे अडीचशे किलो घेऊन जिना चढायचा. त्या काळी काही अमेरिकन ऑर्गनवादक जुनी शववाहिनी विकत घ्यायचे, कारण लांबट जड वस्तू आत सरकवायला तिच्यासारखी गाडी नाही! कंबर आणि पाठ गेलेले वादक कमी नाहीत. हा विनोद नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पाठ धरली की महिनाभराचे कार्यक्रम जातात.

२. वीज: हा मुद्दा फारच कमी लोक सांगतात. मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली आहे. अमेरिकन ऑर्गन भारतात आणला, तर २३० व्होल्टचे ११७ व्होल्ट करायला ट्रान्सफॉर्मर लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. आपली वीज ५० हर्ट्झ. त्यामुळे मोटर हळू फिरते आणि ४४० चा स्वर ३६७ हर्ट्झच्या आसपास येतो. पांढरी सहा दाबली तर काळी तीनच्याही किंचित खालचा स्वर वाजेल. सगळं वाद्यच तीन पट्ट्यांहून थोडं जास्त खाली! यावर उपाय म्हणजे फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर, किंवा मुळातच ५० हर्ट्झसाठी बनलेला ऑर्गन.

३. जनरेटर: मोकळ्या मैदानातला कार्यक्रम जनरेटरवर असेल आणि तो ५० ऐवजी ४९ हर्ट्झ देत असेल, तर ४४० चा स्वर ४३१ वर येतो. बासरी, सॅक्सोफोन, आधीच मिळवलेली गिटार, सगळ्यांशी ऑर्गन बेसूर. आणि तुमच्याकडे सूर मिळवायची खुंटीच नाही.

४. देखभाल: वर्षातून एकदा तेल घालावं लागतं. व्हॅक्यूम ट्यूब जातात. जुने भाग मिळवावे लागतात आणि दुरुस्त करणारा जाणकार शोधावा लागतो. चालू करायचीही एक पद्धत आहे: आधी 'स्टार्ट' बटण काही सेकंद दाबून धरायचं, मग 'रन' चालू करायचं, थोडा वेळ दोन्ही धरायची आणि मग स्टार्ट सोडायचं. कारण सिंक्रोनस मोटर स्वतःहून फिरायला लागत नाही, तिला दुसऱ्या मोटरने धक्का द्यावा लागतो.

पोर्टेबल पर्याय कोणकोणते?

पर्याय १: छोटा किंवा कापलेला हॅमंड

हॅमंडनेच घरासाठी छोटी मॉडेल्स काढली होती, त्यांना स्पिनेट म्हणतात. एम-३ हे त्यातलं एक. त्यात प्रत्येक कीबोर्डला ६१ ऐवजी ४४ पट्ट्या. बुकर टी. जोन्स यांचं १९६२ चं 'ग्रीन अनियन्स' एम-३ वरच वाजलंय. वजन मात्र तरीही शंभर किलोच्या आसपास. काही वादक मोठ्या ऑर्गनचा लाकडी खोका कापून, आतलं यंत्र छोट्या पेटीत बसवायचे. याला 'चॉप' म्हणायचे. ओझं थोडं कमी व्हायचं, विजेचा प्रश्न तसाच राहायचा.

पर्याय २: ट्रान्झिस्टर ऑर्गन

१९६२ मध्ये इंग्लंडमधून व्हॉक्स कॉन्टिनेंटल आला. त्यात चाकं नव्हती. वरच्या सप्तकातल्या बारा स्वरांसाठी ट्रान्झिस्टर सर्किट, आणि खालची सप्तकं त्यांची फ्रिक्वेन्सी अर्धी अर्धी करत काढलेली. घडी घालून गाडीत टाकता यायचा. द डोअर्सच्या रे मॅन्झारेक यांच्यामुळे तो प्रसिद्ध झाला. पण आवाज पातळ आणि टोकदार. स्वतःच्या जागी मस्त, हॅमंडची जागा मात्र भरली नाही.

आपल्याकडेही छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्याने मोठं काम केल्याचं उदाहरण आहे. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली बीन आठवते? तो आवाज कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिन या वाद्यावर काढला होता. एका वेळी एकच स्वर वाजवणारं ते वाद्य सहज उचलून नेता यायचं.

पर्याय ३: क्लोनव्हील, म्हणजे डिजिटल नक्कल

१९८० च्या आसपास जपानच्या कोर्ग कंपनीने सीएक्स-३ काढला. ड्रॉबार होते आणि एका माणसाला उचलता यायचा. २००१ मध्ये स्वीडनचा नॉर्ड इलेक्ट्रो आला आणि फिरत्या वादकांमध्ये लाल रंगाचा तो कीबोर्ड सगळीकडे दिसू लागला. आज हॅमंडची स्वतःची एसके मालिका, यामाहाचा वायसी६१, रोलँडचा व्हीआर-०९, नॉर्ड इलेक्ट्रो ६डी असे बरेच पर्याय आहेत. वजन साधारण साडेपाच ते आठ किलो.

हे काम कसं करतात? दोन पद्धती आहेत. पहिली सॅम्पलिंग, म्हणजे खऱ्या ऑर्गनचा आवाज रेकॉर्ड करून वाजवणं. दुसरी मॉडेलिंग, म्हणजे ९१ चाकं, संपर्क, लीकेज आणि पर्कशनचं वागणं गणिताने प्रत्येक क्षणी नव्याने काढणं. ड्रॉबार वाजवता वाजवता हलवायचे असल्याने ऑर्गनसाठी मॉडेलिंग जास्त शोभतं. आणखी एक मजा बघा: या वाद्यांचा सूर क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालतो, तुमच्या मनगटावरच्या घड्याळासारखा. जनरेटर थोडाफार हलला तरी सूर हलत नाही. घड्याळवाल्याचं वाद्य शेवटी दुसऱ्या घड्याळानेच दुरुस्त केलं म्हणायचं!

पर्याय ४: लॅपटॉप आणि टॅबलेटवरचं ॲप

आयके मल्टिमीडियाचं बी-३एक्स हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटर आणि आयपॅडवर चालतं. पैसे द्यायचे नसतील तर सेटबीफ्री हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालतं. सोबत एक मिडी कीबोर्ड जोडला की झालं. वजन सगळ्यात कमी, खर्चही कमी. पण कार्यक्रमाच्या मध्ये अपडेटची सूचना आली किंवा फोन वाजला, तर जबाबदारी तुमची. एअरप्लेन मोड विसरू नका.

एका नजरेत तुलना

- वजन: जुना बी-३ आणि लेस्ली मिळून अडीचशे किलोच्या आसपास. क्लोन ५ ते ८ किलो, वरून स्टँड, पेडल आणि स्पीकर.
- आवाज: खऱ्यात प्रत्येक ऑर्गन थोडा वेगळा. क्लोन खूप जवळ जातो, पण रोज अगदी तसाच.
- लेस्ली: इथे फरक सगळ्यात जास्त कळतो. खरा लेस्ली खोलीभर, भिंतींवर आपटून आवाज पसरवतो. नक्कल दोन स्पीकरमधूनच येते.
- सूर: खरा विजेवर अवलंबून. क्लोन स्थिर, शिवाय ट्रान्सपोज करता येतो.
- बिघाड: खरा हळूहळू बिघडतो आणि जाणकार असेल तर पन्नास वर्षांनीही दुरुस्त होतो. क्लोन कमी बिघडतो, पण बोर्ड गेला आणि कंपनीकडे भाग नसेल तर संपलं.
- किंमत: चांगला क्लोन भारतात लाखाच्या घरात जातो. जुन्या ऑर्गनमध्ये वाद्याइतकाच खर्च आणणं, नेणं आणि दुरुस्ती यावर होऊ शकतो.

स्टेजवर खरा फरक कोणाला कळतो?

मोठ्या हॉलमध्ये खरा लेस्ली असला तरी त्याच्यासमोर माइक लावतात आणि लोकांपर्यंत पोहोचतो तो मोठ्या स्पीकरचा आवाज. म्हणजे खरा फिरणारा आवाज प्रेक्षकांना थेट मिळतच नाही. तिथे चांगला क्लोन आणि खरा ऑर्गन यांतलं अंतर खूप कमी होतं. ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर तर आणखी.

छोट्या क्लबमध्ये, वीस-तीस माणसांसमोर, माइकशिवाय लेस्ली वाजला की मात्र फरक अंगावर जाणवतो.

आणि तिसरा माणूस म्हणजे वाजवणारा स्वतः. खऱ्या ऑर्गनवर पट्टी थोडीशी दाबली तरी स्वर लागतो, तळहात घासत नेता येतो, दोन कीबोर्ड आणि पायपट्ट्या एकदम हाताशी असतात. त्याने हात वेगळे चालतात. फरक आधी त्याला कळतो, प्रेक्षकांना नंतर. म्हणून अनेक व्यावसायिक वादक रेकॉर्डिंग खऱ्यावर करतात आणि प्रवासात क्लोन नेतात. काही जण मधला मार्ग काढतात: ऑर्गन क्लोन, पण लेस्ली खरा. शंभरातला मोठा वाटा लेस्लीचा, त्यामुळे हा सौदा वाईट नाही.

कोणी काय घ्यावं?

- दर आठवड्याला वेगळ्या ठिकाणी वाजवता आणि गाडी स्वतःची नाही: क्लोन. दुसरा विचार नको.
- एकाच जागी वाजवता, उदाहरणार्थ चर्च किंवा स्टुडिओ, आणि दुरुस्ती करणारा जवळ आहे: जुना ऑर्गन विचारात घ्या.
- बँडमध्ये पियानोही लागतो, ऑर्गनही: दोन्ही आवाज देणारा स्टेज कीबोर्ड.
- फक्त शिकायचंय: सॉफ्टवेअर आणि साधा मिडी कीबोर्ड.

क्लोन घेताना दुकानात पाच गोष्टी तपासा. खरे सरकणारे ड्रॉबार आहेत का? पट्ट्यांची पुढची कड सपाट आहे का, म्हणजे तळहात घासताना लागणार नाही? संथ ते जलद बदलताना भोंगा आणि ड्रम वेगवेगळ्या वेळी वेग घेतात का? एक्स्प्रेशन पेडल जोडायची सोय आहे का? आणि आवाज स्टिरिओऐवजी मोनोत ऐकला तर कसा वाटतो? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बऱ्याच हॉलची साउंड सिस्टीम मोनोच असते आणि फिरण्याचा निम्मा परिणाम तिथे विरतो.

जुना ऑर्गन बघायला गेलात तर सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा: ५० हर्ट्झ की ६०? मग प्रत्येक पट्टी प्रत्येक ड्रॉबारवर वाजवून बघा. आणि मागचं झाकण स्वतः उघडून आत हात घालू नका. ट्यूबच्या सर्किटमध्ये बंद केल्यावरही धोकादायक व्होल्टेज उरलेलं असतं.

मोबाईलवर हे कसं अनुभवाल?

- इयरफोन लावा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, त्यामुळे पहिला तपकिरी ड्रॉबार तुम्हाला ऐकूच येणार नाही.
- वाजवायचं असेल तर वायरचे इयरफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. गाणी ऐकायला चालतं, वाजवायला नाही.
- उशीर १० मिलिसेकंदच्या आसपास असेल तर काळजी नको. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण साडेतीन मीटर जातो. म्हणजे लेस्ली तीन मीटर लांब ठेवून वाजवणाऱ्यालाही जवळपास तेवढाच उशीर होतो.
- अँड्रॉइड ६ पासून फोनला मिडी कीबोर्ड जोडण्याची सोय सिस्टीममध्येच आहे. बऱ्याच फोनना ओटीजी केबल पुरते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साध्या कीबोर्डवरचा 'ऑर्गन' टोन चालेल का?
सरावाला चालेल. पण ड्रॉबार नसतील तर आवाज एकाच जागी अडकतो, आणि हॅमंड वाजवणं म्हणजे अर्धं काम दांड्यांवरच.

जुना ऑर्गन एवढा चांगला, तर तो पुन्हा का बनवत नाहीत?
फिरती चाकं, शेकडो संपर्क आणि मैलभर वायरिंग हाताने बसवणं फार महाग पडतं. १९७० च्या दशकात स्वस्त इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर टोनव्हीलचं उत्पादन थांबलं. २००२ मध्ये हॅमंड-सुझुकीने 'न्यू बी-३' काढला, पण त्यातली चाकं डिजिटल होती.

पियानो येत असेल तर ऑर्गन येईल का?
पट्ट्या त्याच, सवयी वेगळ्या. ऑर्गनमध्ये पट्टी सोडली की स्वर तुटतो, सस्टेन पेडल नसतं. बोट सरकवत स्वर जोडायला शिकावं लागतं. पेटी वाजवणाऱ्याला हे उलट सोपं जातं, कारण पेटीचंही तसंच आहे.

थोडक्यात

१९० किलोचा आवाज ८ किलोत मावतो का? आवाज जवळपास मावतो. खोलीभर फिरणारी हवा आणि हाताखालचा तो स्पर्श पूर्ण मावत नाही. पण जो ऑर्गन जिन्याखालीच राहिला, त्याचा आवाज कोणीच ऐकत नाही. फिरत्या वादकासाठी जे वाद्य वेळेवर स्टेजवर पोहोचतं आणि दुसऱ्या दिवशी पाठ शाबूत ठेवतं, तेच चांगलं वाद्य. खऱ्या बी-३ समोर बसायची संधी मिळाली तर मात्र सोडू नका. कारण क्लोनमध्ये काय ऐकायचं, हे तेव्हाच कळतं.